एकटीला रूम नाही

कोकण किनाऱ्यावर लॉज, रिसॉर्ट आणि घरगुती निवास चालवणाऱ्या तमाम मालक-मालकिणींस,



पत्रास कारण की, यंदा शिमगा आटोपल्यावर मी माझी गाडी घेऊन एकटीच रेवसहून निघाले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत गेले. एवढ्या वाटेत मला दुखावले ते तुम्ही. रस्त्यातल्या खड्ड्यांनी नाही, आंधळ्या वळणांनी नाही, गाडीचे दार हातातून हिसकून घेणाऱ्या वाऱ्याने तर नाहीच नाही. तुम्ही सगळेच तसे वागलात असे मी म्हणणार नाही. ज्यांनी मायेने ठेवून घेतले त्यांच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण दारातून माघारी धाडणारे इतके भेटले की हा कुणा एकाचा तऱ्हेवाईकपणा म्हणून सोडून देववत नाही. ही तुमच्या धंद्याची रीतच होऊन बसली आहे. म्हणून पत्र एकट्यादुकट्याला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. कुणाचे नाव घेणार नाही. ज्याचे त्याला कळेल.

आधी मी कशासाठी आले होते ते सांगते. कारण हा प्रश्न तुम्ही जवळजवळ सगळ्यांनी विचारलात, आणि उत्तर पुरते ऐकायच्या आतच नकाराची मान हलवलीत. मी दीपगृहे बघायला आले होते. तुम्ही म्हणालात, लाइटहाऊसमध्ये काय बघायचे? आणि तेही एकटीने?

बघायचे पुष्कळ आहे. थळच्या किनाऱ्यावरून समोर बेटावर दिसते ते खांदेरीचे दीपगृह, १८६७ सालचे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तो उभा केला. पुढे त्याच बेटावर इंग्रजांनी दिवा लावला. आज त्या दीपगृहाला नाव आहे कान्होजी आंग्र्यांचे. ज्याच्या आरमाराने इंग्रजी जहाजांची झोप उडवली, त्याच्याच नावाचा दिवा आता सगळ्या जहाजांना वाट दाखवतो. कोर्लईला गाव ओलांडून समुद्राच्या अंगाला चिकटून जाणारा अरुंद रस्ता दीपगृहाच्या फाटकाशी संपतो आणि पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर जायची वाट त्या आवारातूनच वर चढते. खाली गावात पोर्तुगीज आणि मराठी एकमेकींत मुरलेली बोली अजून घरोघर बोलतात. अंजनवेलला टाळकेश्वराच्या देवळाशेजारी दीपगृह आहे, अंगाला गोपाळगड, आणि जवळच एन्रॉनच्या नावाने अख्खा महाराष्ट्र ढवळून काढणारा तो वीजप्रकल्प. जयगडचा मनोरा लोखंडी, देवगडचा किल्ल्यातच, १९१५ सालचा. आणि निवतीच्या किनाऱ्यावरून लांब समुद्रात दिसतो तो वेंगुर्ला रॉकचा दिवा. तिथल्या बेटांवरच्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करून राहतात.

दीपगृहे बघायची म्हणजे वारा खायची तयारी हवी. दिवा दोन्ही अंगांच्या समुद्रातून दिसायला हवा, म्हणून तो जमिनीच्या अगदी पुढे घुसलेल्या टोकावर बांधतात, आणि वाऱ्याला आडवे येणारे तिथेच काही नसते. सकाळी जमिनीकडून मतलई वाहते तोवर ठीक. ऊन चढले, कातळ तापला, त्यावरची हवा हलकी होऊन वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरचा वारा आत घुसतो. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जयगडच्या सड्यावर उभे राहून बघा. वाळलेले गवत आडवे झोपलेले, बोलायला तोंड उघडले की शब्द मागच्या मागे जातात, आणि ओठांवर मीठ. देवगडला पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. त्या वाऱ्यात तासन्‌तास उभे राहायला मला आवडते. त्याला सोबत लागत नाही. खरे तर सोबत असली की 'चला आता' हे दोन शब्द दहा मिनिटांत येतात.

एका दीपगृहावर मला भिंग अगदी जवळून बघायला मिळाले. माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच काचेचे पिंप असावे तसे ते दिसते. मध्ये फुगीर भिंग आणि त्याच्याभोवती एकात एक बसवलेली काचेची कडी, प्रत्येक कड्याचा उतार निराळा. दिव्याचा वर-खाली फाकून वाया जाणारा उजेड ही कडी वळवतात आणि एका पट्ट्यात करून थेट क्षितिजाकडे धाडतात. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याची ही युक्ती. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहावर ती पहिल्यांदा बसवली गेली आणि मग जगभरच्या किनाऱ्यांनी उचलली. वरच्या खोलीत दिवसा पडदे का ओढलेले असतात, हे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले. भिंग जसा आतला उजेड बाहेर नेते, तसेच बाहेरचे ऊन आत गोळा करते. सूर्य नेमका समोर आला तर आतल्या दिव्याची राखरांगोळी व्हायची. मग त्याने सांगितले की प्रत्येक दिव्याची लुकलुक ठरलेली असते, किती सेकंदांनी किती झोत. त्यावरून तांडेलाला अंधारात कळते की आपण जयगडसमोर आहोत की रत्नागिरीसमोर. बोलता बोलता काचेवर उमटलेला कुणाच्या तरी बोटाचा डाग त्याने पंच्याच्या टोकाने पुसला, दोनदा पुसला, उजेडाकडे मान तिरकी करून बघितले आणि तिसऱ्यांदा पुसला.

मला एकटीला पाहून या माणसाने विचारले ते एवढेच, "चक्कर येते का हो तुम्हाला? जिना गोल आहे."

दीपगृहाची आणि तुमच्या लॉजची तुलना मी करणार नाही. त्याला सरकारचा पगार आहे, तुम्हाला बँकेचा हप्ता आहे. पण हेही खरे की तुमच्याखेरीज या किनाऱ्यावर मला कुणीच अडवले नाही. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळ्या फेरीबोटींवर गाडी चढवली. तिकीट फाडणाऱ्या पोराने "ताई, जरा डावीला घ्या, हँडब्रेक लावा" म्हटले आणि तो पुढच्या गाडीकडे गेला. पंक्चर काढणाऱ्याने चाक बघितले, मला नाही बघितले. कऱ्हाटेश्वराच्या देवळात गुरवाने प्रसाद हातावर ठेवला, बरोबर कोण आहे ते विचारले नाही. दिवसभर मी या किनाऱ्यावर माणूस होते. संध्याकाळी सहा वाजले, तुमच्या दारात गाडी लागली, की मी 'एकटी बाई' व्हायचे.

एका संध्याकाळची गोष्ट सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातले गाव, खाडीच्या तोंडाशी. रस्त्यावर पाटी: 'घरगुती निवास व भोजन. ए.सी., नॉन ए.सी. रूम मिळतील.' दुपारी फोन केला होता. "या की, रूम रिकाम्याच आहेत, कामाच्या दिवशी कोण येतंय," असे उत्तर मिळाले होते. पोहोचले तेव्हा मालक पडवीत झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर लाकडी फळी, फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्याला किल्ली. एकही खिळा मोकळा नव्हता.

"किती जणं?"

"मी एकटीच."

"मागून येतायत का कोण?"

"नाही."

झोपाळा थांबला. "मग रूम नाही."

मी किल्ल्यांकडे बघितले. त्यांनीही बघितले. "त्या फॅमिलीसाठी आहेत," ते म्हणाले. मी म्हटले, दोघांचे भाडे देते. "पैशाचं नाही हो ताई. एकट्या बाईला आम्ही देत नाही." मग त्यांना वाटले, आपण जरा जास्तच ताणले. आवाज मऊ करून म्हणाले, "असं करा, मिस्टरांना फोन लावून द्या. मी बोलतो त्यांच्याशी. ते हो म्हणाले तर बघू."

माझे वय पन्नाशीपुढचे. गाडी माझ्या नावावर आहे, घर माझ्या नावावर आहे. बँकेने कर्ज देताना माझी सही पुरे मानली. मतदानाच्या दिवशी माझ्या बोटाला शाई लावताना कुणी दुसऱ्याला फोन लावत नाही. आणि एका रात्रीच्या गादीसाठी, एका बादलीभर गरम पाण्यासाठी, मी कुणाच्या तरी 'हो'ची चिठ्ठी आणायची? मिस्टर आहेत की नाहीत, होते की नव्हते, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यावरही काहीतरी निघाले असते.

तेवढ्यात घरातून मालकीणबाई बाहेर आल्या. हातात तांब्या-भांडे आणि बशीत गुळाचा खडा. पाहुणा दारात आला की गूळपाणी द्यायचे, ही तुमच्या घराची रीत त्यांनी पाळली. माझ्या हातात भांडे दिले आणि खाली बघत उभ्या राहिल्या. मी पाणी प्याले. काळोख पडत आला होता. पुढचे गाव घाट उतरून होते. मालक, तुमचा नकार मी एव्हाना विसरले असते. बाईंनी दिलेला गूळ तोंडात घोळवत परतीची गाडी वळवली, ते मात्र विसरता येत नाही. पाहुणी म्हणून गूळ द्यायचा आणि बाई म्हणून दार लावायचे, हे एकाच घराला एकाच वेळी कसे जमते?

तुमची कारणे मी नीट ऐकून घेतली आहेत. ती एकेक करून घेऊ.

पहिले कारण पोलिसांचे. "एकट्या माणसाने रूममध्ये जिवाचे बरेवाईट करून घेतले तर आम्ही आत जातो." ही भीती खोटी नाही. असे प्रसंग लॉजमध्ये घडतात, आणि पुढचे जबाब-पंचनाम्याचे लचांड कुणालाही नको असते. पण मग वहीत नाव-पत्ता लिहून घ्या, आधार कार्डाची प्रत घ्या, घरच्या कुणाचा तरी नंबर मागा. मी तो आनंदाने देईन. त्यासाठी तो नंबर नवऱ्याचाच असायची गरज नाही. बहिणीचा, मुलीचा, मैत्रिणीचा चालेल. सज्ञान बाईला एकटीला खोली देऊ नये असा कायदा या देशात नाही. उलट राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम काढून बघा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा यांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाही नागरिकाला मज्जाव करता येत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. हॉटेल हा शब्द घटनेतच आहे, मी पदरचा घातलेला नाही.

यावर तुमच्यातला कुणी म्हणेल, आम्ही एकट्या पुरुषालाही देत नाही. खरे सांगा. औषध कंपनीचा एमआर बॅग घेऊन येतो, जहाजाच्या कामावरचा सुपरवायझर येतो, आंब्याचा व्यापारी येतो, त्यांना तुम्ही कधी परत धाडलेत? पुरुष एकटा असला की तो कामाला आलेला असतो. बाई एकटी असली की तिचे काहीतरी बिनसलेले असते. हा हिशेब पोलिसांनी शिकवलेला नाही, तो तुमचा स्वतःचा आहे.

दुसरे कारण माझ्या भल्याचे. "रात्रीबेरात्री काही झालं तर? तुमच्यासाठीच म्हणतोय ताई." माझी इतकी काळजी असती तर संध्याकाळी सात वाजता मला अनोळखी घाटात ढकलले नसते. घरात बाईमाणूस असलेले, देवापुढे दिवा लागलेले तुमचे घर सुरक्षित, की काळोखात बंद टपरीशेजारी उभी केलेली गाडी? काळजी असते तिथे माणूस दार उघडतो. दार लावून घेतो त्याला दुसरे काहीतरी वाचवायचे असते.

ते दुसरे काहीतरी म्हणजे तिसरे कारण, आणि ते कुणीच तोंडाने बोलले नाही. गावात काय म्हणतील? कसली बाई आहे कोण जाणे. हे मला तुमच्या नजरेतून वाचावे लागले. गाडीच्या मागच्या सीटकडे, माझ्या गळ्याकडे, पुन्हा चेहऱ्याकडे फिरलेली ती नजर. जखम तिथे झाली. खोली नाही म्हटल्याने एक रात्र बिघडते. त्या नजरेने, इतकी वर्षे सरळ मार्गाने जगून मिळवलेली पत कुणीतरी एका क्षणात शून्यावर आणून ठेवल्यासारखी वाटते.

आणि तुम्ही दार कुणाला उघडता? त्याच रात्री पुढच्या गावात एका रिसॉर्टच्या आवारात मी पोरांचा एक जथा बघितला. बाटल्या उघड्यावर, गाण्यांचा दणदणाट, सकाळी पुळणीवर गाडी घातली ती वाळूत रुतली आणि भरतीच्या आधी काढायला अर्धा गाव दोर घेऊन धावला. त्यांना ग्रुप म्हणून भाड्यात सवलत होती. मी रात्री साडेनवाला दिवा मालवते, चादर घडी घालून ठेवते, माशाच्या ताटाचे पैसे जेवणाआधी देते. पण मी एकटी, म्हणून मी धोक्याची.

मला सगळ्यात जास्त लागते ते निराळेच आहे. हे सगळे कोकणाने करावे?

तुमच्या घरांचा इतिहास आठवा. कोकणातला बाप्या मुंबईला. गिरणीत, गोदीत, कुणाच्या तरी पेढीवर. तो चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, बाकीचे वर्ष मनिऑर्डर यायची. किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांतून पुरुष आफ्रिकेला, पुढे आखातात गेले. पाठीमागे घर कुणी धरले? आषाढाच्या काळोख्या रात्री, कौले उडवणाऱ्या वाऱ्यात, सासू-सासऱ्यांची दुखणी काढत, लावणी करत, गुरे राखत, पोरांना शिकवत कुणी दिवस काढले? एकट्या बाईने. तुमच्यातल्या प्रत्येकाची आजी अशीच एकटी राहिली आहे. ज्या पडवीत बसून तुम्ही 'एकटीला देत नाही' म्हणता, ती पडवी एकटीनेच सारवून टिकवलेली आहे.

माझी आजीही त्यातलीच. मुंबईला जायचे तर हर्णै बंदरावर येऊन बोटीची वाट बघायची. बोट किनाऱ्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, लाटेबरोबर पडाव वर आला की नेमक्या क्षणी शिडी धरायची. हाताशी पोरे, डोक्यावर बोचके, पोटात ढवळणारे. सोबत पुरुषमाणूस नाही. डेकवर चटई अंथरली की रात्रभर किनाऱ्याचे दिवे मोजायचे, आणि ओळखीचा झोत दिसला की बायका एकमेकींना सांगायच्या, आता अमके बंदर आले. दीपगृहांचे वेड मला कुठल्या पुस्तकातून लागलेले नाही. तिच्या तोंडून लागले आहे. त्या डेकवर तिला कुणी नवऱ्याची चिठ्ठी विचारली नव्हती.

या किनाऱ्याला माणुसकी शिकवायची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या खवळलेल्या समुद्रात रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत बुडणारी माणसे ओढून घेतली. कोण कुठला, कुणाबरोबर आहे, हे त्यांनी आधी विचारले नाही. त्याच किनाऱ्यावर, सुक्या जमिनीवर, रिकाम्या खोल्या असताना एवढी चौकशी का लागते?

आता व्यवहाराचे बोलू, कारण तुम्ही धंदा करता आणि तो करावाच. श्रीवर्धनकडच्या एका मालकीणबाईंनी मला ठेवून घेतले होते. रात्री ताट वाढताना त्या सांगत होत्या. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळाने त्यांची सुपारीची वाडी आडवी केली. सुपारी नव्याने लावायची तर धरायला सहा-सात वर्षे जातात, तोवर खायचे काय, म्हणून मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना काढल्या. "वाडीनं दगा दिला, माणसांनी जगवलं," असे त्या म्हणाल्या. हे ज्यांना समजले त्यांनी एकटीला परत धाडले नाही. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात तुम्हाला पाय ठेवायला जागा नसते, पण मंगळवार-बुधवारी फळीवरच्या किल्ल्या हलत नाहीत. एकटे फिरणारे नेमके तेव्हाच येतात. गर्दी टाळायलाच ते निघालेले असतात.

सरकारलाही हे कळले आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये 'आई' या नावाने महिला पर्यटन धोरण आणले. पर्यटनाचा व्यवसाय काढणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळते. २८ फेब्रुवारी २०२४ ला देशातली ७५ दीपगृहे पर्यटनासाठी सजवून लोकांना खुली केली. २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांची मालिका जागतिक वारशात गेली. तिच्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार तुमच्याच किनारपट्टीवर उभे आहेत. आता बाहेरून माणसे येतील, त्यांत एकट्या बायका येतीलच. परदेशी बाई पाठीला पिशवी लावून एकटी आली की तिला तुम्ही हसून खोली देता, हे मी डोळ्यांनी बघितले आहे. तिचे एकटेपण तिच्या देशाची पद्धत, आणि माझे एकटेपण भानगड. आपल्याच माणसाला असा परका न्याय का?

ठेवून घेणाऱ्यांचे ऋण मानते. मालवणच्या अलीकडे एका वाडीत पोहोचायला रात्रीचे आठ वाजले होते. खळ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी वर बघितले, म्हणाल्या, "एकटीच इलंस? बरा केलंस." एवढेच. मग आत हाक मारून भात टाकायला सांगितला. सकाळी निघताना त्यांनी मला विचारले, गाडी चालवायला शिकायला किती दिवस लागतात. स्वतःसाठी विचारत होत्या. असे लोक आहेत म्हणूनच मी हे पत्र रागाने फाडून न टाकता तुम्हाला पाठवते आहे. कोकणात हे होऊ शकते, हे तुमच्याच शेजारणीने दाखवून दिले आहे.

माझे मागणे फार नाही. फुकट काही नको, सवलत नको, विशेष वागणूक तर अजिबात नको. फोनवर 'किती जणं' विचारलेत आणि उत्तर 'एक' आले तर तिथेच हो किंवा नाही सांगा. चाळीस मैल गाडी हाकून आल्यावर पडवीत सांगू नका. ओळखपत्र घ्या, वही भरा, पण नवऱ्याला फोन लावायला सांगू नका. दाराला आतून नीट लागणारी कडी बसवा, बाहेर रात्रभर जळणारा एक दिवा ठेवा. सुरक्षिततेची खरी काळजी तिथून सुरू होते. आणि पाटीवर जिथे 'फॅमिली रूम' लिहिले आहे, त्याच्याखाली एक ओळ वाढवा: 'एकट्या प्रवाशांचे स्वागत आहे.' रंगाचा एक डबा पुरेल. मालकीणबाईंनो, तुम्हाला वेगळे सांगते. आत-बाहेर बघणाऱ्या तुम्ही, स्वयंपाक तुमचा, चादरी तुम्ही धुता, तर खोली कुणाला द्यायची हेही तुम्हीच ठरवा. गूळ घेऊन बाहेर याल तेव्हा किल्लीही घेऊन या.

ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी माझ्या अनुभवाने घाबरून घरी बसू नये. फेरीबोटींच्या वेळा बघून निघा, सहाच्या आत मुक्कामाला पोहोचा, पेट्रोल अर्ध्यावर आले की भरा, आणि गाडी वाऱ्याच्या तोंडाला लावलीत तर दार धरून उघडा. नकार मिळाला तर कारण विचारा, आणि उत्तर पुरते मिळेपर्यंत दारातून हलू नका. एकेकीने विचारले तर ते चुकवतात. आपण पुष्कळजणी विचारू लागलो तर उत्तर बदलावे लागेल.

मी पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे, एकटीच. विजयदुर्गाचा वारा यंदा पुरता खाऊन झाला नाही. तेव्हा तुम्ही विचाराल, किती जणं. मी सांगेन, एक. तेवढे उत्तर पुरे समजा आणि खोली दाखवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दारातून परत गेलेली एक पाहुणी